वजन आणि ओझे

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारच्या नानांच्या अंगणातल्या किल्ल्याला आगगाडी आली. किल्ला नेहमीसारखाच होता. पोत्यांवर चिखल लिंपलेला, त्यावर हळिवाची हिरवळ उगवलेली, बुरुजांवर मातीचे मावळे आणि वर सिंहासनावर महाराज. पायथ्याशी मात्र या वेळी एक लांबरुंद फळी टाकलेली, तिच्यावर रूळ मांडलेले आणि रुळांवर टीचभर लांबीचे एक हिरवे इंजिन. शिवकाळात आगगाडी कशी, अशी शंका एका चौकस मुलाने काढलीच. ‘ती खालच्या गावातली आहे, गडावरची नाही,’ असे उत्तर नानांच्या नातीने दिले आणि इतिहासाचा प्रश्न तेवढ्यावर मिटला.

इंजिन विलायतेहून आले होते. नानांची मुलगी तिकडे असते. तिने जुन्या बाजारातून ते वडिलांसाठी घेतले. दिसायला वाफेचे इंजिन, पण पोटात विजेची मोटर. नाना रेल्वेत होते. दौंडला वाफेच्या इंजिनावर कोळसा ओढण्यापासून त्यांनी नोकरीला सुरुवात केली आणि विजेच्या गाडीवर चालक म्हणून ते निवृत्त झाले. त्यामुळे फळीवरच्या गाडीलाही त्यांनी घाट केला होता, आणि तोही हिशेबाने. बोरघाटाचा सर्वांत अवघड चढ सदतिसास एक असा आहे. म्हणजे सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर. नानांनी पट्टी घेऊन बरोबर तोच चढ काढला आणि रुळांखाली पुस्तके रचली. त्यांत खालून तिसरी माझी एक कादंबरी होती. तिचा इतका भक्कम उपयोग आजवर कोणी केला नव्हता.

बटण फिरवले. गाडी सपाटीवर दिमाखात धावली, चढाला लागली, आणि माझ्या कादंबरीपाशी येऊन थांबली. थांबली म्हणजे मोटर थांबली नाही. चाके तर आधीपेक्षाही जोरात फिरत होती. घर्र घर्र आवाज, चाकांचा नुसता भिरभिराट, आणि गाडी जागच्या जागी! मुले खदखदून हसली. नानांच्या नातीचा चेहरा पडला. तिने न राहवून इंजिनाच्या पाठीवर एक बोट टेकवले. ढकलले नाही, नुसते वरून दाबले. आणि काय चमत्कार, चारही डब्यांसकट गाडी घाट चढू लागली. बोट काढले की थांबे, टेकवले की चाले.

‘मास्तर, बघितलंत?’ नाना म्हणाले. ‘जोर भरपूर आहे हो याच्यात. वजन नाही.’

मी घरी आलो तो ते वाक्य बरोबर घेऊनच. चांगले वाक्य सापडले की त्याच्यावरून माणसांविषयी काहीतरी अनुमान काढल्याशिवाय आम्हा लिहिणाऱ्यांना चैन पडत नाही. त्या रात्री मी जे अनुमान काढले ते पुढे चुकले, पण ते कसे चुकले हेच सांगायचे आहे, म्हणून ते आधी सांगतो.

आपण समजतो की वजन हे गतीचे वैरी. ज्याला पुढे जायचे त्याने हलके असावे. प्रवासाला निघणाऱ्याला सगळे सांगतात, सामान कमी घे. संतांनीही संसाराला भार म्हटले आहे. पण इंजिनाचा धर्म उलटा आहे. लोखंडाचे गुळगुळीत चाक लोखंडाच्या गुळगुळीत रुळावर फिरते. मधे पकड देणारे दुसरे काही नाही. जी पकड मिळते ती वरून पडणाऱ्या भारामुळे. कोरड्या रुळावर ढोबळमानाने असे धरतात, की ओढणाऱ्या चाकांवर जितके वजन असेल त्याच्या चौथ्या हिश्श्याइतक्या जोराने इंजिन ओढू शकते. त्याहून जास्त जोर लावला की चाक घसरते. पोटात कितीही वाफ असो, रुळाला धरून ठेवणारे वजन नसेल तर तिचा उपयोग चाके भिरभिरण्यापुरताच.

ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते, पण ती कळायला शहाण्या माणसांनाही वेळ लागला. 1804 साली रिचर्ड ट्रेव्हिथिकने वेल्समधल्या पेनिडॅरन येथे रुळांवर पहिले वाफेचे इंजिन चालवून दाखवले. त्याने दहा टन लोखंड आणि वर बसलेली माणसे ओढली. पण त्याच्या भाराने बिडाचे ठिसूळ रूळ मोडू लागले. मग लोक हलकी इंजिने करायच्या मागे लागले. तेव्हा भीती अशी, की हलके इंजिन रुळावर घसरेल. 1812 साली लीड्सजवळच्या मिडल्टनच्या मार्गावर ब्लेंकिन्सॉपने रुळाच्या कडेला दाते पाडले आणि इंजिनाला दातेरी चाक लावले. विल्यम ब्रंटनने तर 1813 मध्ये इंजिनाला मागून दोन पाय बसवले, घोड्यासारखे जमिनीला रेटा देत चालायला! शेवटी वायलमच्या खाणीवरच्या विल्यम हेडलीने सरळ प्रयोगच केला. एक गाडा घेतला, त्याची चाके माणसांकडून हातांनी फिरवून घेतली, गाड्यावर वजने ठेवली, आणि मागे किती ओझे लावले म्हणजे चाके घसरतात हे पाहिले. दाते नकोत, पाय नकोत. पुरेसे वजन असले की गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर चालते, हे त्याने दाखवले. त्याच्या खाणीवरचे ‘पफिंग बिली’ हे इंजिन आजही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात उभे आहे.

मला हे वाचून मोठी गंमत वाटली. आपल्या भाषेने हे पूर्वीच ओळखलेले दिसते. गावात ज्याच्या शब्दाने कामे होतात त्याला आपण वजनदार म्हणतो. ‘त्यांचं तिकडं वजन आहे’ असे म्हटले की काम ओढले जाणार हे ठरलेलेच. कचेरीतल्या कागदावर ‘वजन’ ठेवल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, हा तर विज्ञानाच्या पुस्तकात न सापडणारा, पण प्रत्येक कुटुंबप्रमुखाने स्वतः पडताळून पाहिलेला सिद्धान्त आहे.

तर माझे अनुमान असे होते, की माणसाचेही असेच आहे. उनाड मुलाविषयी घरोघर बोलले जाते, ‘अंगावर जबाबदारी पडली की सुधारेल.’ कोणी पुढे जाऊन म्हणते, ‘लग्न करून टाका त्याचं, आपोआप ताळ्यावर येईल.’ (ज्या मुलीच्या जिवावर हा प्रयोग करायचा तिला कोणी विचारत नाही, पण ते असो.) यात तथ्य आहे असे मला वाटे, कारण मी स्वतः ते अनुभवले होते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण क्षणभर स्वस्थ नाही. पेन्सिली पळव, बाकावरून उड्या मार, दुसऱ्याच्या डब्यातले खा. त्याच्या अंगात भरलेली वाफ सारी चाके भिरभिरण्यात जाई. रागावून झाले, पालकांना बोलावून झाले. शेवटी एके दिवशी, काहीसे कंटाळून, मी वाचनालयाच्या कपाटाची किल्ली त्याच्या हातात दिली. म्हटले, ‘आजपासून पुस्तकं तू द्यायची, तू घ्यायची. मला विचारायला येऊ नकोस.’ पुढच्या आठवड्यात त्याने एक वही केली. महिन्याभरात फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढले. तीन वर्षे हरवलेले एक पुस्तक त्याने वरच्या वर्गातल्या मुलाच्या घरी जाऊन आणले. मी शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की पुढे पुढे मी तोंड उघडले की सहकारी चहा आणायला उठू लागले.

दुसऱ्या दिवशी मी हे सारे नानांना ऐकवले. नाना इंजिन उघडून बसले होते. हिरवी टोपणवजा काया बाजूला, आतली मोटर उघडी, आणि शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा. त्यांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘वजन घालायचं खरं, मास्तर, पण कुठं घालायचं ते बघावं लागतं.’

मग त्यांनी मला जे दाखवले ते मी कोणत्याही पुस्तकापेक्षा लक्ष देऊन पाहिले. इंजिनाला सहा मोठी चाके होती, मोटर तीच फिरवत होती. पुढे दोन लहान चाके होती, ती नुसती वाट दाखवणारी. नाना म्हणाले, त्या लहान चाकांवर जे वजन पडेल ते फुकट गेले. ओढायला त्याचा काही उपयोग नाही. मागच्या कोळशाच्या डब्यात वजन भरले तर तेही फुकट, उलट इंजिनाला ते ओढत न्यावे लागेल. वजन पाहिजे ते नेमके ओढणाऱ्या चाकांवर, आणि तेही असे, की इंजिन मधल्या मोठ्या चाकांच्या आसावर पेन्सिलीवर तोलले तर पुढेही कलू नये, मागेही कलू नये. पुढे जास्त झाले तर मागची चाके नुसती रुळाला शिवतील. मागे जास्त झाले तर वळणावर पुढची चाके रूळ सोडतील.

‘आणि किती घालायचं?’ मी विचारले.

यावर आम्ही दोघांनी गणित केले. ही प्रतिकृती खऱ्याच्या शहात्तरावा हिस्सा. लांबी शहात्तरपट कमी, रुंदी शहात्तरपट कमी, उंचीही तशीच. तेव्हा वजन शहात्तराच्या घनाने कमी व्हायला हवे. तो घन होतो 4,38,976. खरे इंजिन शंभर टनांचे धरले तर या लेकराचे वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या जरा वर यायला पाहिजे. काट्यावर ते एकशे सत्तर भरले. नानांनी एका दोऱ्याचे टोक इंजिनाला बांधले, दोरा रिळावरून खाली सोडला, त्याला बाटलीचे झाकण टांगले आणि झाकणात नाणी टाकत गेले. तीस ग्रॅमच्या आसपास चाके घसरली. म्हणजे चौथा हिस्सासुद्धा नाही, सहावा. मुलामा दिलेल्या चाकांची पकड तेवढीच. आणखी साठ ग्रॅम बसवता आले तर दहा ग्रॅम ओढ वाढेल, आणि सदतिसास एकचा घाट निघेल.

विलायतेतल्या लोकांनी यावर आणखी युक्त्या काढल्या आहेत असे नानांनी सांगितले. चाकांना रबराची धाव चढवतात. पकड येते, पण रबरातून वीज जात नाही, म्हणून मोटरला रुळातून मिळणारा पुरवठा कमी होतो. 1960 च्या दशकात ट्राय-अँग या खेळण्यांच्या कंपनीने इंजिनाखाली लोहचुंबक बसवला. पोलादी रूळ त्याला खाली खेची, आणि वजन न वाढवता वजन असल्याचा परिणाम मिळे. मोठी हुशारीची गोष्ट. फक्त रूळ पोलादाचेच हवेत. निकेल-सिल्व्हरचे रूळ घातले की चुंबकाची मातब्बरी संपली. एखाद्या साहेबाच्या मर्जीने वजनदार झालेले गृहस्थ त्यांची बदली होताच कसे होतात, ते मला या ठिकाणी आठवले. पण नाना कामात होते म्हणून मी बोललो नाही.

‘साठच का? शंभर घाला. मग पाच डबे ओढेल,’ मी म्हणालो.

नानांनी हातातला पेचकस खाली ठेवला. ‘शंभर घातलं तर ते घसरायचंच नाही.’

‘मग चांगलंच की!’

‘अहो, चांगलं कसलं? घसरलं पाहिजे त्यानं.’ त्यांनी इंजिन रुळावर ठेवले, वीज पुरी सोडली आणि पुढून हाताने ते अडवून धरले. चाके जागच्या जागी फिरू लागली. ‘हे बघा. अडवलं तरी चाकं फिरतायत, म्हणजे मोटर मोकळी आहे. आता यात एवढं वजन घातलं की अडवल्यावर चाकंच फिरेनात, तर काय होईल? मोटर अडेल. वीज येतच राहील, पण फिरता येणार नाही. मग ती आतल्या आत तापते आणि तारेचं वेढं जळतं. बाहेरून तुम्हाला काही कळणार नाही. घसरणारं इंजिन आवाज करतं, मास्तर. जळणारं करत नाही. वास आला की समजायचं, संपलं.’

मी काही बोललो नाही. नानांना वाटले, मला समजले नाही. म्हणून त्यांनी पुन्हा सांगायला सुरुवात केली. मला समजले होते. मला एक दुसरा मुलगा आठवत होता.

किल्लीवाल्या मुलाच्या यशानंतर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. नववीत एक मुलगा होता, अगदी शांत. त्याचे वडील बांधकामावरून पडून अंथरुणाला खिळलेले होते. मुलगा पहाटे दुधाच्या पिशव्या टाकी, मग शाळेत येई, संध्याकाळी धाकट्या बहिणीला सांभाळी. अभ्यासात बरा, अक्षर मोत्यासारखे. आणि मुख्य गुण असा, की कोणत्याही कामाला ‘नाही’ म्हणत नसे. मी त्याला वर्गाचा प्रमुख केले. त्याने ते नीट सांभाळले. मग शिष्यवृत्तीच्या मुलांच्या हजेरीचे काम दिले. तेही केले. मग विज्ञान प्रदर्शन आले आणि मी म्हटले, ‘सगळी मांडणी तुझ्याकडे.’ तो म्हणाला, ‘हो सर.’ मी घरी येऊन कौतुकाने सांगितले, की या मुलाच्या खांद्यावर काहीही टाका, पोरगं डगमगत नाही. जबाबदारीनेच माणूस घडतो, हा माझा सिद्धान्त तेव्हा ऐन भरात होता.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तो आला नाही. आठवडाभर वाट पाहून मी त्याच्या घरी गेलो. तो नव्हता, कामाला लागला होता. त्याची आई दारातच उभी राहून म्हणाली, ‘सर, म्या लई सांगितलं त्याला. पर तो म्हणतो, सरांचं प्रदर्शनाचं काम माझ्याच्यानं झालं न्हाई, आता त्यास्नी त्वांड कसं दावू?’

शाळा सुटायला कारणे पुष्कळ होती. घरात पैसा नव्हता, वडिलांचे औषध होते. कोणी म्हणेल, तो तसाही गेलाच असता. मीही स्वतःला हेच बरीच वर्षे सांगितले. पण एवढे खरे, की त्याच्या घरच्या ओझ्यावर त्याचा इलाज नव्हता आणि माझाही नव्हता. वर जे पडले ते मात्र मी टाकलेले होते, आणि ते मी त्याच्या भल्यासाठी म्हणून टाकले होते. त्याने एकदा कुरकूर केली असती, एक काम बिघडवले असते, तर मी थांबलो असतो काय? खरे सांगायचे तर थांबलो नसतो. ‘तूसुद्धा?’ असे म्हणून रागावलो असतो. घसरणाऱ्याला आपण कामचुकार म्हणतो आणि न घसरणाऱ्याच्या मागे आणखी एक डबा जोडतो. चालत्या बैलालाच आर टोचायची, ही आपली जुनी रीत.

त्या रात्री पडल्या पडल्या माझ्या लक्षात आले, की मी दोन्ही मुलांना दिले ते एकच समजत होतो. दोन्हीला मी ‘जबाबदारी’ हाच शब्द वापरत होतो. पण नाना दिवसभर माझ्यासमोर दोन निरनिराळ्या वस्तूंविषयी बोलत होते. इंजिनाच्या अंगावर असते ते वजन, आणि मागे जोडलेले असते ते ओझे. पहिल्याने पकड येते, दुसऱ्याने ती खर्च होते. त्या उनाड मुलाला मी किल्ली दिली, ‘मला विचारू नकोस’ म्हटले. वर्गात त्याच्या शब्दाला किंमत आली. ते वजन होते. दुसऱ्याला मी प्रमुख केले, पण त्याचे मत एकदाही विचारले नाही. हजेरी माझी, प्रदर्शन माझे, वेळ मी ठरवलेली. त्याला मी डबे जोडत होतो.

आता असे वाटते, की आपल्या घरातूनही हीच गल्लत चालते. घरातली बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत सारी गाडी ओढते. या दिवाळीतच पाहा, चकलीचे पीठ मळण्यापासून पाहुण्यांची अंथरुणे घालण्यापर्यंत तिच्यामागे किती डबे आहेत. ‘घराची सगळी जबाबदारी तिच्यावरच आहे’ असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण मुलीचे स्थळ ठरवताना, जमीन विकताना, तिच्या शब्दाला वजन किती? थोरल्या भावाचे पुष्कळ घरांतून असेच होते. फक्त त्याला बिचाऱ्याला आपण कर्ता पुरुष म्हणतो, तेवढे समाधान.

तेव्हा कोणावर काही भार टाकूच नये की काय? तेही मला पटत नाही. त्या किल्लीवाल्या मुलाला मी मोकळा सोडला असता तर त्याची चाके आजही भिरभिरत असती. आईबाप, शिक्षक, थोर माणसे, सगळ्यांनाच दुसऱ्याच्या पाठीवर कधीतरी बोट टेकवावे लागते. प्रश्न राहतो तो अधिकाराचा. नाना इंजिनात वजन घालतात, कारण इंजिन त्यांचे. आणि ते जळले तर हळहळ त्यांना एकट्याला. माणूस कोणाचाच असा नसतो. आणि चुकले तर जळायचे त्याने, आपण फक्त त्याच्या आईसमोर दारात उभे राहायचे.

शिवाय भार हा एकच उपाय नव्हे, हेही रेल्वेला फार पूर्वीपासून माहीत आहे. बोरघाटाचा मार्ग 1863 साली खुला झाला. तो चढ नुसत्या पुढच्या इंजिनाच्या भरवशावर कोणी सोडला नाही. कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिने लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. त्यांना बँकर म्हणतात. आज ती विजेची आहेत, पण लागतातच. पावसाने रूळ ओले झाले की पकड बरीच कमी होते. त्यासाठी प्रत्येक इंजिनावर वाळूची पेटी असते, चाकासमोर चिमूट चिमूट वाळू पडते. दार्जिलिंगच्या लहान गाडीवर तर माणसे इंजिनाच्या पुढे बसून हाताने रुळावर वाळू टाकत आली आहेत. त्या मुलाला काय हवे होते? पहाटेच्या दुधानंतर पहिल्या तासाला उशीर चालेल, एवढी चिमूटभर वाळू. ती माझ्याजवळ होती.

तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, ‘शिसं पाहिजे. लोखंडानं भागणार नाही. आत जागा कमी, आणि शिसं लोखंडाच्या जवळजवळ दीडपट भारी. टायरवाल्याकडे मिळतात बघा, मोटारीच्या चाकाला चिकटवायच्या पट्ट्या. पाच पाच ग्रॅमचे तुकडे असतात. घेऊन या ना.’

आमच्या गावात चाकांचा तोल पाहण्याचे यंत्र एकाच दुकानात आहे. त्या दुकानावरून मी गेली कितीतरी वर्षे गेलेलो नाही. माझी दुचाकी पंक्चर झाली तर मी ती अर्धा मैल ढकलत दुसरीकडे नेतो. नानांना हे माहीत नव्हते, आणि सांगायला कारणही नव्हते. मी गेलो.

तो आता चांगला उंच झाला आहे. मिशा ठेवल्या आहेत. एका मोटारीचे चाक यंत्रावर चढवत होता. मला पाहून त्याने फडक्याला हात पुसले आणि ‘या सर’ म्हणाला, जणू मी गेल्या आठवड्यातच येऊन गेलो होतो. मी कशाला आलो ते सांगितले. खेळण्याच्या इंजिनासाठी, हे ऐकून त्याला मौज वाटली. ‘लोखंडी देऊ का शिशाच्या?’ त्याने विचारले. मी म्हटले, शिशाच्या. ‘हात धुवा मग नंतर. पोरांच्या हातात देऊ नका. आणि लाकडाचा पांढरा डिंक लावू नका शिशाला. त्यानं शिसं फुगतं, हळूहळू. आमच्या एका गिऱ्हाइकाचं खेळण्यातलं विमान तसंच फुटलं, दोन-तीन वर्षांनी.’

मी उभा राहून त्याचे काम पाहू लागलो. यंत्रावर चाक गरगर फिरले, थांबले, आणि पडद्यावर दोन आकडे आले. त्याने ते वाचले, चाकाच्या आतल्या कडेला एका जागी बोट ठेवले, ती जागा फडक्याने पुसली आणि तिथे एक तुकडा दाबून बसवला. पुन्हा फिरवले. आकडे शून्यावर आले.

‘आधी फिरवून बघायला लागतं का?’ मी विचारले.

‘तर! चाकच सांगतं ना, कुठं पाहिजे अन् किती पाहिजे. अंदाजानं लावलं तर गाडी जास्त हादरते.’

मला काहीतरी बोलायचे होते. प्रदर्शनाचे, त्या वर्षाचे. वाक्य मनात तयारही होते. कादंबरीकाराला वाक्यांची काय कमतरता? पण त्याच वेळी बाहेर आणखी एक मोटार येऊन थांबली, आणि तो म्हणाला, ‘सर, साठ ग्रॅम ना? बारा तुकडे होतात. वर दोन टाकतो, कमीजास्त करायला बरे पडतील. सगळे एकदम लावू नका.’ त्याने तुकडे कागदात गुंडाळले, हिशेब सांगितला. मी पैसे दिले, त्याने ते घेतले आणि तो बाहेरच्या गाडीकडे वळला.

संध्याकाळी नानांनी अकरा तुकडे बसवले. एकेक बसवायचे, इंजिन पेन्सिलीवर तोलायचे, हाताने अडवून चाके घसरतात ना ते पाहायचे, मग पुढचा. बाराव्याला चाके अडखळू लागली, म्हणून तो काढून ठेवला. डब्यांच्या आसांना तेलाचा एकेक थेंब दिला. तरीही चार डबे घेऊन घाट निघेना. माझ्या कादंबरीच्या जरा वर जाऊन इंजिन घसरे. मुलांनी ओरडा केला, आणखी वजन घाला म्हणून.

नानांच्या नातीने शेवटचा डबा सोडवला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी, दोन मावळ्यांच्या मधे, नेऊन उभा केला. ‘हा दुसऱ्या खेपेला येईल,’ ती म्हणाली, आणि तिने बटण फिरवले.